ब्रेक ओरडतो तेव्हा

मागच्या अंकात मोटारसायकलच्या चेनला तेल कसे द्यावे ते आम्ही लिहिले होते. त्यात एक वाक्य लिहायचे राहून गेले आणि त्याची आठवण आमच्याच गल्लीतल्या एका मुलाने करून दिली. चेनची कुरकुर स्प्रेने गेली, म्हणून त्याने तोच स्प्रे पुढच्या ब्रेकच्या डिस्कवरही मारला. किती दिवस किंचाळणारा ब्रेक खरोखरच गप्प झाला. "खाला, बघा, आवाज बंद!" असे शेजारी सांगून तो अम्मीला मागे बसवून बाजाराला निघाला. उतारावरच्या वळणाला ब्रेक दाबला तर गाडी थांबेना. केळ्यांच्या हातगाडीवर निभावले. अम्मीचे कोपर सोलून निघाले. ते राहिलेले वाक्य असे: डिस्क, पॅड किंवा लायनर यांना तेल, ग्रीस, पॉलिश यांचा थेंबही लागता कामा नये.

ओल्या ताटावर बोट दाबून फिरवले की कसे कुंईकुंई वाजते? ब्रेकचेही तसेच. पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे इतक्या भराभर होते की सगळा भाग थरथरतो आणि शीळ घुमते. तेलाने ती शीळ जाते, कारण धरणेच बंद होते.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारा आवाज मात्र मनावर घेऊ नये. रात्रभराच्या ओलीने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये तो घासून निघतो. यासाठी गॅरेजात जाऊन पैसे घालवायचे कारण नाही.

दिवसभर आवाज येत असेल तर धूळ बसली आहे का ते आधी पाहावे. डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. ड्रम असेल तर चाक उघडावे लागते, तेव्हा आतली भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती फुप्फुसांना वाईट, आणि गॅरेजात मदतीला बसलेली पोरे नेमकी तीच फुंकतात.

धुऊनही आवाज राहिला तर लायनर किंवा पॅड काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवायची सवय हे त्याचे नेहमीचे कारण. खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यावी, ब्रेक लागेल तेवढाच मारावा. गुळगुळीत पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलका घासून खरखरीत केला की बहुतेक वेळा भागते. तेल प्यालेला पॅड मात्र घासून सुधारत नाही, तो फेकावा. त्या मुलाला दोन्ही पॅड नवे घ्यावे लागले आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावी लागली.

शिळेच्या जागी खर्रखर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी तिथेच उभी करावी. पॅड संपून मागची पत्री डिस्क कापत असते. असे आणखी चार दिवस चालवले की पॅडसोबत डिस्कचाही खर्च येतो. पॅडवर बहुधा खाच असते. ती दिसेनाशी होत आली की बदलायची वेळ झाली. ड्रमच्या बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकाजवळ, ब्रेकच्या दांडीपाशी, छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला तर लायनर संपले. हे पाहायला मिस्त्री लागत नाही, घरातली दोन माणसे पुरतात: एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने वाकून बघायचे.

एकच पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपरची पिन अडकलेली असते. ती काढून, साफ करून, ब्रेकसाठीचेच ग्रीस पिनेला लावायचे. साध्या ग्रीसने रबर फुगते. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

आवाज पुढचा की मागचा, यातही फसगत होते. २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले असतात. स्कूटरचा डावा लिव्हर दाबला तरी पुढचाही लागतो. म्हणून मागचे लायनर बदलून आलो आणि आवाज तसाच, अशी तक्रार ऐकू येते.

नवे पॅड पहिले २००-३०० किलोमीटर थोडे वाजतात, तेवढे दिवस करकचून ब्रेक मारणे टाळावे. पॅड बदलल्यावर पहिला लिव्हर मात्र पोकळ जातो, हे फार जणांना ठाऊक नसते. गाडी सुरू करण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबावा, मग मोकळ्या गल्लीत, मागे कोणाला न बसवता, हळू चालवून पाहावे.