तांडेल नको म्हणाला, तर गाडी वळवा

दिवाळी आटोपली, शेतातली घाई जरा ओसरली, की आपल्या पिंपळनेर-साक्रीकडची पोरं समुद्राकडे निघतात. कुणी नवापूरवरून सुरतेला, कुणी सटाणा-नाशिक करत डहाणूला, आणि सुट्टी मोठी असली तर थेट दापोली नाहीतर मालवण. हल्ली गाडीत पोहण्याच्या कपड्यांबरोबर रॉड, रीळ आणि गळांची डबीही असते. लाटीपाड्याच्या धरणावर मरळ, कटला काढून हात बसलेला असतो, त्यामुळे खाडीत गळ टाकायला काय अवघड, असं वाटतं. जा, जरूर जा. पण भावांनो, तिथला माहीतगार तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस, सोबत घेतल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, आणि त्याने ‘आज नको’ म्हटलं तर घासाघीस करू नका. एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

आपल्या धरणाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. खाडीचं तसं नाही. साधारण सहा तास पाणी चढतं आणि सहा तास उतरतं, दिवसातून दोनदा. सिंधुदुर्गाकडे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक अडीच मीटरच्या आसपास असतो, मुंबईला पाच मीटरपर्यंत जातो, आणि खंबातच्या आखातात भावनगरकडे तर दहा मीटरच्या वर. आपली पांझरा मुडावदला तापीला मिळते आणि तापी सुरतेपुढे ज्या समुद्रात जाते, तो हाच. उधना-लिंबायतला राहणारे आपले नातेवाईक पाहुण्यांना डुमसला फिरायला नेतात, तिथे ओहोटीला नजर पोचेपर्यंत चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर चालत आत जाऊन गळ टाकायचा मोह अजिबात धरू नका. पाणी परत येतं तेव्हा आधी मागच्या खोलगट चरांतून भरतं. समोर पाय कोरडे असतात आणि परतीची वाट मात्र बुडालेली असते.

आणि हे फक्त पावसाळ्यातलं दुखणं नाही. रायगडमधल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता. फयान वादळ कोकणावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. ओखी वादळ अरबी समुद्रातून वर सरकत सुरतेच्या दिशेने आलं ते डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत. महाराष्ट्रात मासेमारीची सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै एवढीच असते, म्हणून बाकीचे दहा महिने समुद्र मोकळा, असा अर्थ काढू नका.

थंडीतला वारा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो फसवा असतो. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत आपण याला मतलई वारे म्हणून शिकलो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हा वारा चांगला जोर धरतो. तो किनाऱ्याच्या पाठीमागून येत असल्याने काठाजवळचं पाणी सपाट दिसतं, लाट अशी नाहीच. शहरातून आलेला माणूस म्हणतो, वा, काय शांत आहे! पण त्याच वेळी इंजिन बंद पडलं, तर हाच वारा होडीला किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे लोटत नेतो, आणि जसजसं बाहेर जाल तसतशा लाटा वाढतात. दुपार कलली की चित्र उलटतं. जमीन तापते, खारा वारा वायव्येकडून आत येतो, पाण्यावर पांढरे तुरे उठू लागतात. उत्तरेत थंडीची लाट आली की हे वारे आणखी जोराचे होतात. म्हणून कोकणातले अनुभवी लोक नवख्याला उजाडताना बाहेर काढतात आणि वारा फिरायच्या आत काठाला आणतात. ‘अजून अर्धा तास, आत्ता कुठे मासा लागायला लागला’ हे वाक्य तेव्हा तोंडातून काढू नका.

यात सगळ्यात वाईट जागा म्हणजे खाडीचं तोंड. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे किनाऱ्यावर उभं राहून एकदा बघाच. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर चाललेलं असतं. समोरून वारा आत येत असतो. दोघांची गाठ वाळूच्या दांड्यावर पडते, तिथे पाणी उथळ असतं, आणि लाटा लांबट न राहता आखूड, उभ्या होतात, एकीच्या मागे लगेच दुसरी. होडीचं नाक पहिलीवर चढतं आणि उतरायच्या आत दुसरी आत येते. शंभर पावलं अलीकडे, वळणाच्या आत, तेच पाणी बशीतल्या चहासारखं असतं. कुठल्या घटकेला ते तोंड ओलांडायचं आणि कुठल्या घटकेला मुकाट आत थांबायचं, हे मोबाइल सांगत नाही. ते तिथे जन्म काढलेल्या कोळी, गाबीत, खारवी, दालदी माणसाला कळतं. आपण त्याला पैसे देतो ते मासा दाखवण्यासाठी, असं समजू नका. मुख्य पैसे या कळण्याचे आहेत.

आपणही थोडं शिकून जावं. कोकणात भरतीचा जुना हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या आसपास. जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं, आणि सुरतेकडच्या आखातात हा हिशेब धरूच नका. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जबर. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद. पहिल्यांदाच जात असाल तर कॅलेंडर उघडा आणि भांगाचे दिवस धरा. उधाणाला मासा जास्त हलतो हे खरं, पण नवख्याने पहिल्याच फेरीला तो हिशेब करू नये.

होडी ठरवताना लाजू नका, विचारा. प्रवासी नेणाऱ्या बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते, आणि ती नोंद म्हणजे पाहुणे फिरवण्याची परवानगी नव्हे. कागद बघा. माणशी एक लाइफ जॅकेट आहे का, ते बाकाखाली कोंबलेलं आहे की हाताशी आहे, बंद तुटलेले नाहीत ना, हे स्वतः हात लावून बघा. होडीत वल्ही आणि नांगर आहे का, तेही बघा. आदल्या रात्री हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला असेल तर विषय तिथेच संपला.

थंडीबद्दल आपली एक समजूत आहे: आम्ही धुळ्याकडचे, पाच-सहा अंशांत शेताला पाणी भरणारी माणसं, कोकणातल्या थंडीचं काय घेऊन बसलात? पण शेतात आपण चालतो, वाकतो, अंग गरम राहतं. होडीत तीन-चार तास एका जागी बसायचं, वर तुषारांनी कपडे ओले, आणि ओल्या कपड्यांवर वारा. अठरा-वीस अंशांतही दात वाजायला लागतात, बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी गाठ बसत नाही, बंद सुटत नाही. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटून राहतो. आत लोकरीचं आणि वर वारा अडवणारं जाकीट घाला. कानटोपी घ्या. जीन्स आणि उंच गमबूट घरी ठेवा. पाण्यात पडलात तर बूट भरतात आणि पाय वर येत नाही. लाइफ जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वरून, बंद लावून. आणि थंडी घालवायला म्हणून दारू घेणं सोडा. तिने कातडीला ऊब वाटते, आतली ऊब मात्र निघून जाते, तोलही जातो. जो तांडेल स्वतः पितो त्याच्या होडीत बसू नका, मग ती कितीही स्वस्त असो.

मासा मिळेल का? मिळेल, पण थंडीत संयम लागतो. जिताडा, तांबोशी हे उबेत रमणारे मासे. गार वारा सुटला की उथळ पाणी सोडून ते खोल डोहात, पुलाच्या खांबांशी, कांदळवनाच्या मुळांशी जाऊन बसतात आणि आमिषामागे धावत नाहीत. म्हणून गळ सावकाश ओढायचा. वाटाड्या तुम्हाला वाऱ्याच्या आडोशाच्या वळणावर नेईल. तिथे समुद्र दिसत नाही म्हणून कुरकुर करू नका. गळ नेहमी वाऱ्याच्या बाजूने टाका, डोळ्यांवर चष्मा असू द्या. वाऱ्याने परत फिरलेला गळ शेजाऱ्याच्या गालात घुसतो.

खाडीत हमखास लागतो तो शिंगाळा. मिशा असलेला, गुळगुळीत, आपल्याकडच्या शिंगीचा भाऊबंद वाटावा असा. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक, असे तीन काटे ताठ उभे करतो. त्यांना करवतीसारखे दात असतात आणि विषही असतं. आखडलेल्या हातांनी त्याला पकडायला जाऊ नका, पक्कड तांडेलाच्या हातात द्या. टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कळ उतरते. मग दवाखाना गाठा. लहान मासा लागला तर सोडून द्या. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, कुठला ठेवायचा ते वाटाड्याला विचारा.

आता पैशाचं, कारण खरी अडचण तिथेच येते. आपण शेकडो किलोमीटर गाडी मारून गेलेलो असतो, खोलीचे पैसे भरलेले असतात, आणि पहाटे तो माणूस आकाशाकडे, पाण्याकडे बघून म्हणतो, “आज नको, वारो बरो नाय.” मग आपल्यातला एखादा दादा दुप्पट पैसे काढतो. असं करू नका. घरी पोरंबाळं असलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसाला दुप्पट पैशांचा मोह घालून वाऱ्यात काढणं हे चुकीचंच आहे. उलट ठरवतानाच सांगा: काका, वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तरी तुमच्या दिवसाचे अमुक पैसे आम्ही देऊ. मग त्याला ‘नको’ म्हणायला जड जात नाही. आणि सहलीला एक दिवस जास्तीचा धरा. वाऱ्याच्या दिवशी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, ते विचारून बघा. नाहीतर जेटीवर बसून जाळी विणणाऱ्यांशी बोला.

निघण्यापूर्वी घरी एका माणसाला होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, तांडेलाचा फोन आणि परतायची वेळ लिहून पाठवा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अंगावरच ठेवा आणि त्यात हे नंबर घालून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि कुठल्याही संकटाला ११२. ठरलेल्या वेळेनंतर तासभर फोन आला नाही, तर घरच्याने वाट बघत न बसता १५५४ लावायचा, हे त्याला निघतानाच बजावून ठेवा.