‘सर्व्हर डाऊन’ नसतानाही फॉर्म का अडकतो? चूक बायकांची की यंत्रणेची?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. १८ नोव्हेंबरला संपणारी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ओटीपीला तांत्रिक अडचण येत असल्याचं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीही मान्य केलं. गावोगावी मात्र एकच वाक्य ऐकू आलं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ पण दरवेळी सर्व्हर डाऊनच असतो असं नाही.

हा फॉर्म एका पानाचा नव्हता. आधी बाईचा आधार क्रमांक आणि ओटीपी. मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. त्यानंतर जात प्रवर्ग, दोन घोषणा आणि शेवटी सबमिट.

वेबसाईट चालवणाऱ्या सर्व्हरला आपणहून काही आठवत नाही. पहिलं पान भरणारी आणि दुसरं पान पाठवणारी बाई एकच, हे ओळखायला तो फोनला एक खूणक्रमांक देतो. त्या क्रमांकावर आधीची माहिती तात्पुरती ठेवतो. याला सेशन म्हणतात. बँकेतल्या टोकनसारखंच हे. ठरावीक वेळ हालचाल झाली नाही की टोकन रद्द, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

आता नवरा ऊसतोडीला गेला असेल तर? ओटीपी त्याच्या फोनवर. त्याला रेंज येईपर्यंत, तो आकडे सांगेपर्यंत वेळ संपतो. बाईची मजुरी बुडते ती वेगळीच.

यावर उपाय आहे. प्रत्येक टप्पा झाला की सर्व्हरनं माहिती मसुदा म्हणून साठवायची. पहिला टप्पा सकाळी, दुसरा रात्री नवऱ्याचा फोन लागल्यावर, असं करता आलं पाहिजे. चूक त्या त्या पानावरच दाखवायची. सबमिटआधी भरलेलं सगळं एकत्र वाचायला द्यायचं. रेंज गेली म्हणून बटण दोनदा दाबलं, तरी अर्ज एकच नोंदवायचा. प्रोग्रामरसाठी ही नेहमीची कामं आहेत.

मात्र काही चुका प्रोग्रामच्या आधीच, फॉर्म ठरवताना होतात. ‘कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत नाही’ अशा नकारार्थी घोषणेला ‘होय’ म्हणायचं की ‘नाही’, यात भल्याभल्यांचा गोंधळ उडाला. शेवटी दुरुस्तीची एक संधी द्यावी लागली. पती आणि वडील दोघंही हयात नसलेल्या बायकांनी दुसरा ओटीपी आणायचा कुठून? त्यांच्यासाठीही नंतर वेगळी सोय करावी लागली. महिन्याचे १,५०० रुपये ज्यांना सगळ्यात गरजेचे, त्याच जास्त अडकल्या.

तोवर काळजी आपणच घ्यायची. पुढच्या वेळी फॉर्म भरताना दोन्ही फोन जवळ ठेवा, किंवा घरच्या माणसाला आधी कळवून वेळ ठरवा. मधेच मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका. यशस्वी झाल्याचा मेसेज दिसल्याशिवाय काम झालं असं धरू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढा. अनोळखी माणसानं फोनवर मागितला तर ओटीपी अजिबात देऊ नका.

पीक विमा असो की महाडीबीटी, आता सगळे अर्ज असेच पानापानानं भरायचे आहेत. नुसती मुदत वाढवून भागणार नाही. अर्धवट राहिलेला अर्ज जिथं थांबला तिथूनच पुढं सुरू झाला पाहिजे, ही मागणी आता ग्रामसभेतून व्हायला हवी.