दहाची जुडी आणि सुट्या काड्या



एरवी या सदरात आपण बियाणे, खत, फवारणी यांच्याविषयी बोलतो. आज मात्र दुसरीच्या वर्गाविषयी बोलायचे आहे. शेती खात्याच्या माणसाने शाळेत कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. पण पुढची हकीकत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, हा विषय शाळेचा की शेताचा.

गेल्या जूनमधली गोष्ट. नेवासा तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनची उगवण तपासणी दाखवायला गेलो होतो. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली, माणसे पांगली आणि मी जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिलो. दुसरीच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आलाच आहात तर मुलांना दोन शब्द सांगा." मी दोनाचे दोनशे केले. बी म्हणजे काय, अंकुर कसा फुटतो, सगळे सांगितले. मुले जांभया देऊ लागली. एक जण तर सरळ खिडकीतून पाऊस बघत बसला. शेतकऱ्याला भाषण देऊ नये, शेतात उतरून प्रात्यक्षिक दाखवावे, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकतो. आणि सात वर्षांच्या लेकरांपुढे मी भाषणच ठोकत होतो!

मग बेत बदलला. बाईंनी एक गोणपाट भिजवून आणले. शाळेला लागूनच एका मुलीचे घर होते. तिच्या वडिलांनी घरचे राखलेले सोयाबीन वाटीभर दिले. दहा मुलांनी एकेक ओळ घेतली आणि बोटभर अंतर सोडून दहा-दहा दाणे मांडले. दहा ओळी, शंभर दाणे. वर दुसरे ओले गोणपाट टाकले, गुंडाळी केली, सुतळीने सैल बांधली आणि सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायची पाळी मुलांनी आपसांत वाटून घेतली. खिडकीतून पाऊस बघणाऱ्याने पहिली पाळी मागून घेतली.

सातव्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो. गुंडाळी सोडली. चांगला, निरोगी कोंब आलेले दाणे मुलांनी वेचले आणि दहा-दहाचे ढीग लावले. सहा ढीग झाले आणि चार दाणे उरले. बाई म्हणाल्या, "चौसष्ट. लिहा पाटीवर." वर्गात फिरून पाहिले, तर काहींच्या पाटीवर ६४ आणि काहींच्या पाटीवर ४६!

त्या मुलीचे वडील दारात उभे होते. जवळच्या मुलाच्या पाटीवरचा आकडा वाचून त्यांचा चेहरा उतरला. "सायेब, शेचाळीस म्हंजी बियानं गेलंच की! आता इकत आनायचं का काय?" मी बोलायच्या आत त्यांची लेक पुढे झाली. "आप्पा, ते बगू नका. हितं बगा. ढीग सहा हायेत. चार सुटे." आप्पांनी स्वतः ढीग मोजले आणि हसले.

आता हिशेब पाहा. सोयाबीनची उगवण शंभरात ७० असेल तर एकरी ३० किलो बियाणे धरतात. उगवण कमी भरली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. ६४ आली, तर एकरी ३३ किलोच्या आसपास. आप्पांची तीन एकरांची पेरणी होती. ९० ऐवजी ९९ किलो पेरले की काम भागले. पण उगवण खरोखर ४६ असती, तर मी स्वतःच त्यांना सांगितले असते की हे बियाणे पेरू नका, नवे आणा. आणि ४६ चे ६४ समजून कोणी पेरले असते, तर रान विरळ उगवून दुबार पेरणी आली असती. एका आकड्याच्या उलटापालटीत एवढे अडकलेले असते.

मुले उलटे लिहितात ती आळशी किंवा मंद म्हणून नव्हे. आपल्या भाषेतच ती अडचण आहे. 'चौसष्ट' म्हणताना आपण चार आधी बोलतो, साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. ऐकेल तसे लिहिणारे मूल ४६ लिहिणारच. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचा असतो पाच! कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या मुलांना हा त्रास नाही. तिथे साठ आधी, चार नंतर.

तुम्हाला आठवत असेल, जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ चार', 'वीस एक' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. विधिमंडळातही त्याची थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्या गेल्या. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते, नवे जोडीला दिले होते. लहान मुलाची अडचण कमी व्हावी एवढाच हेतू होता. माझ्यापुरते सांगतो. चौसष्ट म्हणा किंवा साठ चार म्हणा, पण आधी मुलाच्या हाताखालून सहा ढीग आणि चार दाणे जाऊ द्या. ज्याने ढीग लावले त्याला शब्द फसवत नाही.

पण आपल्याकडे होते काय? मूल दप्तरातून चिंचोके आणि काड्यांच्या जुड्या घरी आणते. मग घरातले कोणी म्हणते, "शाळंत खेळच चालत्यात वाटतं. अभ्यास कवा करता?" आणि चिंचोके उकिरड्यावर जातात. बाबांनो, तोच अभ्यास आहे. आणि हे खूळ आजचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे आदिवासी मुलांना बिया, पाने, शिंपले, माती यांतूनच शिकवले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. आज 'निपुण भारत' अभियानातही दुसरीच्या मुलाने ९९९ पर्यंत संख्या वाचाव्या-लिहाव्यात आणि ९९ पर्यंतची वजाबाकी करावी, अशी अपेक्षा आहे. ती नुसत्या पाठांतराने पुरी होणार नाही.

शेतकऱ्याच्या घरात यासाठी एक पैसाही खर्चायला नको. चार गोष्टी सांगतो.

पहिली, जुड्या. तुरीच्या किंवा खराट्याच्या काड्या बोटभर लांब तोडा. दहा-दहाच्या नऊ जुड्या बांधा आणि नऊ काड्या सुट्या ठेवा. आता मुलाला ३२ काड्या मांडायला सांगा. त्यातून ७ मागा. सुट्या काड्या दोनच, सात कशा देणार? मूल जरा थांबेल, मग एक जुडी सोडेल. दोनाच्या बारा होतील. सात देऊन पाच उरतील आणि बाजूला दोन जुड्या, म्हणजे २५. आपण 'हातचा घेतला' म्हणतो तो हाच. आपल्यातल्या कितीकांनी जन्मभर हातचा घेतला, पण तो कुठून येतो हे कधी पाहिले नाही!

दुसरी, माप. आजीकडे शेर आणि पायली असेलच. धान्य निवडायला बसल्यावर मुलाला आधी विचारा, पायलीत किती शेर बसतील? मग ओतून बघू द्या. चार शेर त्याने स्वतः मोजले की ते विसरणार नाही.

तिसरी, वीत. दाराची रुंदी मुलाने आपल्या वितीने मोजावी, मग आईने आपल्या वितीने. दार तेच, आकडे निराळे. का? हे त्यालाच शोधू द्या. मीटरची पट्टी कशासाठी लागते, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

चौथी, बाजार. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी त्याच्या हाती द्या. ४३ रुपयांची भाजी घेतली तर चार नोटा आणि तीन नाणी. चुकले तर रागावू नका, पुन्हा मोजायला सांगा.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवा. औषध लावलेले रंगीत बियाणे मुलांच्या हाती कधीही देऊ नका. ते विषारी असते. गुंजा, एरंड आणि धोत्रा यांच्या बियाही नकोत, दिसायला कितीही सुंदर असल्या तरी. चिंचोके, सागरगोटे उत्तम. पण घरात रांगते मूल असेल तर तेही मोजून काढा आणि मोजून ठेवा, नाहीतर तोंडात-नाकात जातात.

शेवटी एक गोष्ट पाथर्डी, शेवगाव भागातल्या माझ्या वाचकांसाठी. तुमच्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उसाच्या तोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. दुसरीच्या वर्षात दशक-सुटे शिकायचे दिवस नेमके त्यात सापडतात. शक्य असेल तर मूल आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून शाळा चालू ठेवा. ते जमलेच नाही, तर निघताना एका फडक्यात त्या ९९ काड्या बांधून घ्या. आई-बाप फडात मोळ्या बांधतात, ते बघणाऱ्या पोराला दहाची मोळी समजावून सांगावी लागत नाही. रात्री कोपीवर चूल पेटली की दहा मिनिटे काड्या काढा. ज्यांना अक्षरओळख नाही त्या मायबापांनाही हे जमते, कारण मोजणे तुम्हाला येतेच.

ती मुलगी आता तिसरीत गेली आहे. यंदा पेरणीपूर्वी आप्पांचा निरोप आला होता, "सायेब, गोनपाटाला तुम्ही यायची गरज न्हाई. पोरीनं लावलंय." उगवण किती आली, ते विचारायला मी फोन केला. आप्पा म्हणाले, "थांबा, तिलाच देतो." तिकडून आवाज आला, "सात दशक, आठ सुटे, साहेब."

तुमच्या घरी किती येतात, मोजून बघा.