औषधालयातील कॅमेरा

कॅमेरा म्हणजे चोर धरण्याचे साधन, असेच आम्हीही मानीत होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधालयातील सुवर्णभस्माची कुपी दिसेनाशी झाली. संशय गेला तो वीस वर्षे खल घोटणाऱ्या आमच्या सहायकावर. आठ दिवसांनी कुपी दुसऱ्याच खणात मिळाली. तेथे ठेवणारे आम्हीच होतो. सहायकाने मात्र पुढे काम सोडले. त्या वेळी चित्रण असते, तर एका प्रामाणिक माणसाची बेअब्रू टळली असती.

म्हणून गल्ल्यावर, तसेच सुवर्णकल्प, केशर आणि वत्सनाभ, भल्लातक, हरताळ यांसारखी १९४५ च्या औषध नियमांतील ई-१ अनुसूचीची विषद्रव्ये ज्या कपाटात असतात तेथे कॅमेरा असावाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे घड्याळ बरोबर लावलेले असावे. चुकीच्या वेळेचे चित्रण वाद मिटविण्याऐवजी वाढविते. परीक्षणकक्षात व अभ्यंग-स्वेदनाच्या खोलीत मात्र तो सर्वथा वर्ज्य समजावा. तेथे रुग्ण केवळ वैद्याच्या भरवशावर वस्त्रे उतरवितो. चित्रण होत असल्याची पाटी दारावर मराठीत लावावी. आणि यंत्र बसविणाऱ्या कारागिराने दिलेला संकेतशब्द, तो दाराबाहेर पडताच, वैद्यांनी स्वतः बदलावा.