हरवलेल्या पार्सलचा हक्कदार

दिवाळी जवळ आली की मीरा रोड आणि भाईंदरच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीपुढे खोक्यांची रांग लागते. चकल्या मोडू नयेत म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे, बाहेर चारी बाजूंनी चिकटपट्टी. पत्ते टोरंटोचे, सिडनीचे, दुबईचे. बाकीचं वर्षही रिकामं जात नाही. कुणी लेकीला बाळंतविडा आणि डिंकाचे लाडू पाठवतं, कुणी भाईंदरच्या गाळ्यातून परदेशी गिऱ्हाइकाला स्टीलच्या भांड्यांचे नमुने. यातलं बहुतेक सुखरूप पोचतं. पोचत नाही त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसतं आणि त्या अज्ञानापायी हक्काचे पैसे बुडतात.

नेहमी घडतं ते असं. पार्सल आलं नाही म्हणून टोरंटोतली मुलगी तिथल्या पोस्टात चौकशी करते. तिथे सांगतात, पाठवणाऱ्याला विचारा. इकडे आईला वाटतं, मुलगी तिकडे बघते आहे. दोघी रोज मोबाइलवर ट्रॅकिंग पाहतात, ‘देशाबाहेर रवाना’ या ओळीपुढे काही हलत नाही. कुणीतरी म्हणतं, अजून थोडी वाट पाहू. असे महिने जातात.

या वाट पाहण्यालाच मुदत आहे. देशोदेशींच्या टपालाचे नियम जागतिक टपाल संघ ठरवतो. 1874 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे तो स्थापन झाला आणि भारत 1876 पासून त्याचा सदस्य आहे. या संघाचा करार सांगतो की चौकशीचा अर्ज पार्सल टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत आला पाहिजे. पार्सल हरवलं तर भरपाईचा हक्क पाठवणाऱ्याचा असतो. घेणाऱ्याला ती हवी असेल, तर पाठवणाऱ्याला आपला हक्क त्याच्या नावे लेखी सोडावा लागतो. म्हणजे टोरंटोच्या मुलीने शंभर फोन केले तरी दावा उभा राहत नाही. भाईंदरच्या आईने पावती घेऊन आपल्या पोस्टात लेखी अर्ज दिला, की तो उभा राहतो.

आता ती पावती जरा नीट पाहू. तिच्यावरचा क्रमांक तेरा जागांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी ‘आयएन’ म्हणजे भारत. पहिलं अक्षर ‘सी’ असेल तर ते पार्सल, ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड, ‘ई’ असेल तर ईएमएस म्हणजे परदेशी स्पीड पोस्ट, ‘व्ही’ असेल तर विमा उतरवलेलं. किती पैसे परत मिळू शकतात, ते बरंचसं या एका अक्षरावर ठरतं, आणि ते अक्षर खिडकीवर आपण कोणती सेवा मागितली यावर ठरतं. रजिस्टर्ड वस्तू हरवली तर संघाच्या नियमावलीत कमाल 30 एसडीआर आहेत. पार्सलला 40 एसडीआर आणि वर प्रत्येक किलोला साडेचार. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. एका एसडीआरचे शंभराहून जास्त रुपये होतात. पाच किलोच्या खोक्याला साडेबासष्ट एसडीआर, म्हणजे सात हजारांहून जास्त रुपये. ही वरची मर्यादा झाली. आतल्या मालाची किंमत त्याहून कमी असेल, तर तेवढीच मिळते. हरवलेल्या पार्सलचा टपालखर्चही परत मिळतो, विम्याचं शुल्क तेवढं मिळत नाही. ईएमएसची भरपाई प्रत्येक टपाल खातं आपापल्या नियमाने देतं, म्हणून पैसे भरण्याआधीच तिचा आकडा विचारून घ्यावा.

आपल्या लोकांची सर्वांत महागात पडणारी सवय इथेच नडते. कस्टमच्या फॉर्मवर ‘गिफ्ट’ लिहायचं आणि किंमत पाचशे टाकायची. तिकडे मुलीला ड्यूटी पडू नये हा हेतू. पण पार्सल गहाळ झालं की तोच कागद पुढे येतो. पैठणी बारा हजारांची होती हे दुकानाच्या बिलावरून कितीही सिद्ध केलं, तरी पाचशेचा आकडा आपल्याच हाताने लिहिलेला असतो. खोटी नोंद असेल तर टपाल खातं जबाबदारी झटकूही शकतं. खरी किंमत लिहा. माल महाग असेल आणि त्या देशासाठी विम्याची सोय असेल, तर विमा उतरवा. आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी हरवली तर तिचं मोल कुठल्याच कोष्टकात बसत नाही. मनस्तापाची किंवा बुडालेल्या नफ्याची भरपाई या नियमांत नाही.

उशीर झाला म्हणजे हरवलं असंही नाही. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची ड्यूटीमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्ट 2025 पासून तिकडच्या बहुतेक वस्तू घेणं थांबवलं. ती सेवा पूर्ववत व्हायला 15 ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात आधीच बुक झालेली आणि पाठवता न येणारी पार्सलं अडकली. त्यांचा टपालखर्च परत मागण्याची मुभा होती.

आता कायद्याबद्दल. 1898 च्या टपाल कायद्याचं सहावं कलम सांगत होतं की सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेली जबाबदारी सोडली, तर टपाल हरवलं, चुकीच्या हाती गेलं, उशिरा पोचलं किंवा खराब झालं तरी सरकार जबाबदार नाही. तो कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात तोच विचार कायम आहे: नियमांत नेमून दिली असेल तेवढीच जबाबदारी. मला हे अजिबात पटत नाही. जो ग्राहक खिडकीवर हजारो रुपये रोख मोजतो, त्याच्याशी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी मालकीच्या भाषेत बोलण्याचं कारण उरलेलं नाही. जबाबदारीला मर्यादा असू शकते, पण ती गिऱ्हाइकाला आधी सांगितली पाहिजे.

खासगी कुरिअरकडे गेलं की सुटका होते असं समजू नका. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कागदपत्रांचं पाकीट जर्मनीत पोचलं नाही, म्हणून राज्य ग्राहक आयोगाने चार लाखांहून अधिक रुपये मंजूर केले होते. शेवटी भारती निटिंगच्या पदरात पडले 100 डॉलर, कारण सही केलेल्या पावतीवर तेवढीच मर्यादा छापलेली होती. गल्लीतल्या एजंटकडे फराळ देताना तर आणखी जपायला हवं. अनेकदा तो माल दुसऱ्याच कंपनीमार्फत, स्वतःला पाठवणारा दाखवून पाठवतो. तुमचं नाव ‘पाठवणार’ म्हणून एअरवे बिलावर नसेल, तर दावा कुणाचा हाच पहिला वाद होईल. त्या बिलाची प्रत घेतल्याशिवाय खोकं हातातून सोडू नका.

पोस्टाने दाद दिली नाही, तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. टपाल खातं तिथे दहाव्या कलमाकडे बोट दाखवणार, हे धरून चला. म्हणून आधी सहा महिन्यांच्या आतला लेखी अर्ज आणि त्याची पोच हाताशी हवी. तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही.

टपाल खात्याकडे माझी एकच मागणी आहे. मीरा रोड आणि भाईंदरच्या प्रत्येक पार्सल खिडकीवर मराठीत एक फलक लावा. कोणत्या सेवेत हरवल्यास किती मिळेल, अर्ज कुणी करायचा आणि किती महिन्यांत, एवढंच त्यावर लिहा. येत्या दिवाळीची पहिली खोकी येण्याआधी तो लागला पाहिजे.