कॅडेटच्या हाती क्रोशाची सुई

आपल्या हॉबी क्लासच्या यादीत सुतारकाम आहे, चित्रकला आहे, एरोमॉडेलिंग आहे. त्यात क्रोशाचे विणकामही असावे, आणि तेही लोकरीचे नव्हे, तर जुन्या प्लास्टिक पिशव्यांचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"हे तर आजीचे काम!" असे म्हणून काही मित्र हसतील. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या लॅनयार्डकडे पाहावे. ती दोरीही गुंफलेलीच असते. ब्रिटिश सैनिकांच्या सामानात सुईदोऱ्याची छोटी पिशवी असे, तिला ते 'हाउसवाइफ' म्हणत. तुटलेले बटण आपणही स्वतःच लावतो. मग क्रोशाच्या सुईचीच लाज कशाला?

31 डिसेंबर 2022 पासून देशभर 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी आहे. तरी घरोघरी गादीखाली जुन्या पिशव्यांच्या घड्या असतातच. सुट्टीहून येताना आपल्या ट्रंकेतला चिवडाही त्यांतच येतो. फेकल्या तर त्या गटारे तुंबवतात किंवा गाईच्या पोटात जातात. जाळल्या तर विषारी धूर होतो.

कृती सोपी आहे. पिशवी धुऊन, वाळवून सपाट करायची. वरचे बंद आणि तळाची शिवण कापून टाकायची. उरलेल्या भागाच्या दोन बोटे रुंद आडव्या पट्ट्या कापल्या की गोल कड्या मिळतात. एकीत दुसरी अडकवत गेले की लांब दोरा तयार! जाड सुई, साखळी आणि मुका खांब, एवढ्यावर पायपुसणे होते.

मी हे माझ्या आजीकडून शिकलो. माझ्या पायपुसण्याला 46 पिशव्या लागल्या. ते बुटांचा चिखल खरवडून काढते आणि नळाखाली धरले की स्वच्छ होते. सुती पायपुसणे पावसाळ्यात दिवसेंदिवस वाळत नाही. हे झटकले की कोरडे. मात्र गरम भांड्याखाली ते ठेवू नये, वितळेल. सतत उन्हात ठेवले तर ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात.

कोणी म्हणेल, याने प्लास्टिक नाहीसे थोडेच होते? खरे आहे. त्याचे कचऱ्यात जाणे फक्त लांबते. पण एकेक पिशवी धुऊन, कापून, विणून पाहा. पाच मिनिटे वापरलेल्या वस्तूमागे किती काम उरते, ते बोटांना कळते. मग दुकानदाराने पिशवी पुढे केली की "नको काका" हे शब्द आपोआप तोंडी येतात. भाषणे ऐकून माझ्यात हा बदल झाला नव्हता. विणण्यासाठी नव्या पिशव्या मागून आणणे तर साफ चूक ठरेल.

म्हणून माझी सूचना अशी: प्रत्येक हाउसमध्ये जुन्या पिशव्यांसाठी एक खोके ठेवावे आणि येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डॉर्मिटरीच्या दाराशी आपण विणलेले एक पायपुसणे असावे. ज्या वर्षी खोके रिकामे राहील, त्या वर्षी हा वर्ग आनंदाने बंद करावा.