एकाच रंगाचा नकाशा

महाराष्ट्रातला मुसलमान म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. भाषा उर्दू, जेवण बिर्याणी, वस्ती कुठल्याशा मोहल्ल्यात. बाहेरचे लोक असे समजतात याचे नवल नाही. आपल्यातलेही पुष्कळ जण तसेच समजतात, याचे वाईट वाटते. हा समज घालवायला भाषणापेक्षा नकाशा जास्त उपयोगी पडतो, असे शिक्षक म्हणून माझे मत झाले आहे.

आधी पावसाचा नकाशा घ्या. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मराठवाड्यात सात-आठशेच्या आसपास. म्हणून तळोजा, म्हसळा, श्रीवर्धनच्या मुस्लिम घरात तांदळाची भाकरी, मासे आणि नारळ. बीड-नांदेडकडच्या घरात ज्वारीची भाकरी आणि खिचडी-खट्टा. दोन्ही घरांत बिस्मिल्ला एकच, ताटे वेगळी. ताट पाऊस ठरवतो.

आता त्याच कागदावर फिकहचा नकाशा ठेवा. सह्याद्रीच्या खाली कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, घाटावर बहुसंख्य हनफी. हे कशामुळे? मोसमी वाऱ्यांवर गलबते हाकणारे अरब व्यापारी जिथे जिथे उतरले, त्या किनाऱ्यांवर शाफई परंपरा रुजली. येमेन, मलबार, भटकळ, थेट इंडोनेशियापर्यंत ही पट्टी दिसते. दख्खनमध्ये मात्र सुलतान, सैनिक आणि सूफी मुख्यतः उत्तरेकडून, खुश्कीच्या मार्गाने आले. आज तळोज्याच्या जुन्या गावात कोकणी घरे आहेत आणि सिडकोच्या नव्या इमारतींत घाटावरची, उत्तर प्रदेशातली कुटुंबे. त्यामुळे असरची वेळ कुठे लवकर, कुठे उशिरा. मुले विचारतात, बरोबर कोण? अशा वेळी फतव्याआधी नकाशा दाखवावा. फरक इमानाचा नाही, वाटेचा आहे, हे त्यांना लगेच कळते.

तिसरा नकाशा भाषेचा, आणि खरा प्रश्न इथे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते, तर उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे निदान ५४ लाख मुसलमानांनी दुसरी भाषा सांगितली. त्यात मराठी आहे, हिंदी आहे, कोकणी, गुजराती, कच्छी आहे. जळगावकडच्या तडवी मुसलमानांची बोली तर आपल्यातल्या कित्येकांनी ऐकलेलीही नसते. ज्यांनी उर्दू सांगितली, त्यांतही कित्येकांच्या घरात चुलीपाशी कोकणी किंवा दखनी चालते.

आता २०२७ ची जनगणना तोंडावर आली आहे. प्रगणक दारात येईल आणि मातृभाषा विचारेल. आपल्या कोकणी घरांत बरेच जण सवयीने उर्दू सांगतात, कारण शाळा उर्दू, दीनी किताबे उर्दू. मी उर्दू शिकवून पोट भरतो, तरी म्हणतो, नानी ज्या बोलीत रागावते तीच भाषा त्या रकान्यात सांगा.

यावर आक्षेप येतो : संख्या घटली तर उर्दू शाळांचे काय? भीती खोटी नाही. पण शाळेची संचमान्यता पटावर होते, जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यावर नाही. शाळा वाचवायची तर मुले शाळेत घाला. शिवाय २०११ च्या अर्जात मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवायची सोय होती. तशी सोय असेल तिथे उर्दू आणि मराठी अभिमानाने सांगा. बोली मात्र एकदा नोंदीतून गेली की नकाशावरून जाते. मग ‘तुम्ही इथले नाहीत, तुमची भाषा वेगळी’ असे कोणी म्हटले तर दाखवायला कागद राहत नाही.

कोणी म्हणेल, असे नकाशे काढून समाजात आणखी फूट पाडायची का? फूट फरकामुळे पडत नाही, फरकाला कमीपणा चिकटवला की पडते. कोकण्याने घाटावरच्याला हसायचे, दोघांनी मिळून ‘यूपीवाल्या’ला हसायचे, हे आपल्याकडे नकाशाशिवायच चालले आहे.

शिक्षकांनी एवढे करावे. महाराष्ट्राचा कोरा नकाशा फळ्यावर लावावा. प्रत्येक मुलाने आपल्या नानीचे गाव शोधून तिच्या बोलीचा रंग तिथे भरावा. एकच अट : कोणत्या घरात काय बोलतात, हे विचारल्याशिवाय रंग भरायचा नाही.